बुधरामच्या बोडीतला चिला

बुधराम मारबतेने काथ्याच्या दोराचं एक टोक अलीकडच्या काठावरच्या बाभळीला बांधलं, दुसरं दातात धरलं आणि डोंग्यात बसून पलीकडे गेला. तिथल्या खुंट्याला दोर गुंडाळून त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि चैतराम, लंगोट लावून हातात विळे घेऊन काठावर उभे होतो. बैलबाजारात बैलं उभी करतात तसे. फरक एवढाच की बैलांचे दात बघतात, आमचे दंड बघितले गेले.

"उगवतीकडचा चिला चैतरामचा, मावळतीकडचा डोमाचा," बुधरामने पलीकडून ओरडून सांगितलं. "ज्याची बाजू पहिले साफ, त्याच्यासंग पोरीचं लगन."

ती पोरगी, सुलकन, घाटाच्या दगडावर भांडी घासत बसली होती. तिने मान वर केली नाही. हातातल्या भगोन्यावर राख मात्र जरा जास्तच जोरात फिरली.

बोडी म्हणजे तलावाची धाकटी बहीण. आमच्या झाडीपट्टीत ज्याच्याकडे थोडीफार धानाची जमीन, त्याच्याकडे बोडी. पावसाचं पाणी अडवायचं, त्यातलं धानाला द्यायचं आणि उरलेल्यात रोहू-कतला मासे वाढवायचे. चिला म्हणजे पाण्याखाली केसांसारखं वाढणारं गवत. बुधरामच्या बोडीत तो इतका माजला होता की बगळा त्यावरून पाय न भिजवता सासरी जाऊन यायचा. मी स्वतः एकदा त्यावर बाज टाकून दुपारची झोप काढली आहे. बाजेचे खूर तेवढे ओले झाले. कोणाला खोटं वाटत असेल त्याने घरी यावं, बाज दाखवीन.

आणि आम्ही दोघं तिथे लमझने म्हणून आलो होतो. हा आमच्याकडचा जुना रिवाज. मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो, तिच्या बापाचं काम करतो, आणि सगळ्यांचं पटलं तर लग्न लागतं. रिवाज चांगलाच आहे, त्यात मुलाची पारख होते. बुधरामने त्यात एवढीच सुधारणा केली होती की पारख संपवायचीच नाही. आमच्याआधी आलेल्या लमझन्यांपैकी एकाने घरावर नवे कवेलू चढवले. शेवटचा कवेलू बसला त्या दिवशी बुधरामच्या लक्षात आलं की पोरगा झोपेत दात खातो. दुसऱ्याने विहीर खोदली. पाणी लागेपर्यंत तो सोन्यासारखा होता, पाणी लागलं आणि त्याच्या आजीच्या माहेरात काहीतरी खोट निघाली. गोठा बांधणारा तर बिचारा नवं दार नीट लागतं का हे बघायला आत गेला, आणि बाहेर आला तोवर त्याचं गाठोडं अंगणात बांधून ठेवलेलं होतं. बुधराम माणूस वाईट नव्हता. देवाला नैवेद्य दाखवताना स्वतःचं पान आधी मांडून बसणारा होता, इतकंच.

हे सगळं मला खुद्द सुलकननेच पहिल्या दिवशी सांगितलं. ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर रोहूचं मुंडकं वाढून म्हणाली, "पोटभर खाऊन घे. विहीरवाला आला तवा तुझ्याएवढाच होता. गेला तवा धोतर कमरेवर ठरत नव्हतं."

आणि हसली. त्या काळी आमच्याकडे बाया हसल्या की पदर तोंडावर जायचा. हिचा पदर जागचा हलला नाही. मी मुंडकं चोखता चोखता ठरवून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशी, नाहीतर आयुष्यभर लंगोटावर राहीन.

आता कामाचं सांगतो. चैतराम पलीकडच्या गावचा, रेड्यासारखा पोरगा. डोकं देवाने त्याला पागोटं ठेवायला जागा म्हणून दिलं होतं. सकाळी पाण्यात शिरला की अंधार पडेपर्यंत बाहेर येत नसे. त्याच्या विळ्याचा आवाज ऐकूनच मी दमायचो. पण चिला कापायला वेळ लागत नाही, कापलेला बाहेर ओढायला लागतो. ओल्या चिल्याचा भारा आणि मेलेली म्हैस यांत उचलायला म्हैस बरी. चैतरामला घाई होती. त्याने कापलेला चिला तिथेच सोडला. दोन दिवस तो वर तरंगला, मग निमूट तळाशी गेला, आणि चैतरामची बाजू वरून अशी दिसायला लागली की त्यात तोंड बघून दाढी करावी.

मी मात्र वेगळा हिशोब मांडला होता. कवेलू संपले, कवेलूवाला गेला. विहीर संपली, विहीरवाला गेला. म्हणजे या घरातून जायचा रस्ता काम संपण्यातून जात होता. मग काम संपवतं कोण? मी सकाळी बुधरामच्या डोळ्यांदेखत मोठे मोठे भारे काठावर ओढायचो, कण्हत कण्हत, ऐकणाऱ्याला दया यावी असं. संध्याकाळी तो घरी गेला की तेच भारे पायाने परत पाण्यात लोटायचो. चिला असा निलाजरा असतो की तुकडा पडला तिथे मूळ धरतो. माझी बाजू दिवसेंदिवस जास्तच हिरवी व्हायला लागली. बुधराम म्हणायचा, या बाजूला काही बाधा आहे काय, एवढं काढूनही कमी होत नाही. मी म्हणायचो, मामाजी, मलाही तीच शंका येते. त्याने एक कोंबडा कापला. कोंबडा मीच खाल्ला.

सुलकन दुपारी शिदोरी घेऊन यायची. एकदा तिने काठावरचा ओला माग पाहिला, पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिदोरी सोडता सोडता विचारलं की सकाळी निघालेला चिला संध्याकाळी कुठे जातो. मी खरं ते सांगून टाकलं. वाटलं, माझ्या हुशारीवर ही लोळून लोळून हसेल. म्हटलं, तुझ्या बापाची ही बोडी त्याच्या जिवात जीव असेपर्यंत साफ होणार नाही, आणि तोवर तो मला हाकलू शकणार नाही.

तिला हसू आलं नाही.

"आणि तोवर मी?" ती म्हणाली. "मी भांडे घासत राहू? तुले घर भेटलं, भात भेटला, कोंबडा भेटला. मले का भेटलं, डोमा?"

मी घाईघाईने मोठा घास कोंबला. तोंडात भात होता हे निमित्त झालं.

त्यानंतर लवकरच चैतरामची बाजू साफ झाली. बुधरामने काठावर उकिडवं बसून पाणी नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि मग चैतरामच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे, असा जावई सासऱ्याच्या जिवाला जड जातो, त्याचा नाइलाज आहे. चैतरामने भांडण केलं नाही. तो गेलाही नाही. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाय पसरून बसला आणि आपल्या बोटाकडे बघत राहिला. गावातल्या बाया त्याला आळीपाळीने भाकरी देत होत्या. मला म्हणाल तर त्याची कीव आली, आणि म्हणाल तर बरंही वाटलं. आता मैदानात मी एकटा होतो, आणि माझं मैदान तर संपणारच नव्हतं.

इकडे चैतरामच्या बाजूचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. वासही येऊ लागला. मासे माणसांपेक्षा शहाणे, ते एक एक करून दोर ओलांडून माझ्या बाजूला आले. उन्हं कडक होती तोवर माझ्या चिल्यात त्यांची चंगळ चालली. दुपारी हिरव्या फांद्यांवर बुडबुड्यांचे मणी चढायचे आणि रोहू त्यांतून नवरदेवासारखा हिंडायचा. बुधराम खूश. एक बाजू साफ, दुसऱ्या बाजूला मासे, आणि दोन्हीची मजुरी फुकट.

मग ऐन आश्विनात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊन तर नाहीच. दिवसामागून दिवस बोडीवर गोधडी टाकल्यासारखं ढगांचं ओझं. पाणी ताटातल्या वरणासारखं जागच्या जागी. आणि एका सकाळी बुधराम टमरेल घेऊन पाळीवर गेला तो टमरेल न घेता धावत आला.

आम्ही जाऊन पाहिलं तर बोडीभर तोंडं. रोहूची, कतलाची, मृगळची, लहान-मोठी सगळी तोंडं पाण्याच्या वर आलेली. शाळेत पोरं पाढे म्हणतात तशी उघडत होती, मिटत होती, फक्त आवाज नव्हता. मरळ तेवढी मजेत होती. तिला वरची हवा चालते, ती पाहुण्यासारखी सगळ्यांच्या मधून फिरत होती. झाडांवर बगळे येऊन बसले होते आणि घाई करत नव्हते.

धीवराच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. चिला उन्हात पाण्याला हवा देतो आणि अंधार पडला की स्वतःसाठी घेतो. ऊनच नसलं तर घेणं तेवढं चालू राहतं, देणं बंद. आणि कापून बुडवलेला चिला सडतो, तो तर नुसती हवा गिळत सुटतो. चैतरामने सगळा मारून टाकला होता, मी सगळा माजवून ठेवला होता. मधल्या मध्ये बुधरामचं वर्षभराचं धन आ वासून पडलं होतं. हे बुधरामला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण फुकटात होणारं काम कसं होतंय हे तपासायला माणसाला सुचत नाही.

गाव गोळा झालं. कोणी म्हणालं म्हशी सोडा, पाणी ढवळतील. त्यावर आमच्या जातीतला मोठा पंच फागो बुढा, जो तोंडात दातण धरून बघायला आला होता, त्याने दातण काढून सांगितलं की म्हशींनी तळाचा गाळ वर आणला तर जे जगायचे तेही मरतील. बुधराम छातीभर पाण्यात शिरून डोंग्याच्या वल्ह्याने पाणी बडवायला लागला. एवढ्या मोठ्या पाण्यात त्याचा तो फटफट आवाज म्हणजे वरातीत एकट्या माणसाने टाळ्या वाजवाव्यात तसा. खरा इलाज सगळ्यांना समोर दिसत होता. धानाला पाणी द्यायचं डिझेल इंजिन पाळीवरच होतं. त्याचा पाइप बाभळीच्या फांदीला उंच बांधायचा आणि बोडीचंच पाणी वरून परत बोडीत पाडायचं. उंचावरून फुटत पडणारं पाणी सोबत हवा घेऊन जातं. मी पाइप घेऊन बाभळीवर चढलोसुद्धा. बांधून खाली उतरलो आणि बघतो तर इंजिनाचं हँडल जागेवर नाही.

त्या काळच्या इंजिनाला हँडल मारल्याशिवाय ते हूं की चूं करत नसे. बुधराम पाण्यातून ओरडला, हँडल कुठे आहे म्हणून. लोक इकडेतिकडे बघायला लागले. सुलकन घाटाच्या दगडावर बसली होती. आज भांडी नव्हती. मांडीवर हँडल आडवं ठेवलं होतं आणि त्यावर दोन्ही हात.

"आण इकडे," बुधराम म्हणाला.

"पहिले पंचासमोर सांग का माझं लगन करते," ती म्हणाली.

"वेडी झाली का तू? मासोळी मरते इथं."

"दिसते मले."

"लगन करू ना, करू. कोन नाही म्हनते? दिवाळी होऊ दे."

"कवेलूच्या सालीही दिवाळी झाली, बा. विहिरीच्या सालीही झाली."

बुधरामने फागो बुढ्याकडे पाहिलं, की पोरीला जरा चार शब्द सांगा. फागो बुढ्याने दातण परत तोंडात घातलं. बायांच्या घोळक्यातून कोणीतरी खोकलं, आणि मग घोळकाच्या घोळका खोकला. बुधरामने वल्हं पाण्यावर आपटलं. आपल्याच रक्ताची पोरगी घरादारावर नांगर फिरवते आहे, असं काहीसं तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. त्याच्या भोवती माशांची तोंडं त्याच्या पोटाला लागत होती.

सुलकन उठली नाही. आवाजही चढवला नाही. पण पाळीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"मासोळी एका सकाळी तोंड वर काढून बसली तं तू पान्यात उडी घेतली, बा. मी या घाटावर कवापासून तशीच बसली हाव. तुले दिसली नाही."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि मारीनही, पण हे सांगताना मला एक शब्द पदरचा घालावा लागत नाही. बुधराम तसाच उभा राहिला, वल्हं हातात, पाणी छातीला. त्याने पोरीकडे पाहिलं, आणि मला वाटतं, कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि फागो बुढ्याला म्हणाला, "लावून देतो लगन. पंचासमोर बोललो. ज्याच्यासंग म्हनल त्याच्यासंग."

"ऐकलं," फागो बुढा म्हणाला.

आता माझी छाती फुगली. मी लंगोट नीट केला आणि एक पाऊल पुढे झालो. चैतरामही पाळीवरून उठून उभा राहिला होता. सुलकनने आम्हा दोघांवरून नजर फिरवली आणि हँडल सरळ चैतरामच्या हातात दिलं.

मी पुढे टाकलेलं पाऊल हळूच मागे घेतलं.

चैतरामने एका हिसक्यात इंजिन सुरू केलं. धुराचा गोळा उठला, पाइप फुगला, आणि बाभळीच्या उंचीवरून पाणी बोडीत कोसळायला लागलं. सुलकन माझ्याकडे वळली. म्हणाली, "उभा का राह्यला? तुझा चिला तुझ्या आज्यानं काढाचा का?"

मग मी शिरलो. गावातले लोकही शिरले, बायका परातींनी पाणी उडवत, पोरं पाय आपटत, फागो बुढासुद्धा धोतर खोचून घोट्यापर्यंत आला आणि तिथून सूचना देत राहिला. सुलकन डोंग्यात उभी राहून सांगत होती, इथला काढा, तिथला ठेवा, काठचा राहू द्या, मधे वाट करा. चैतराम तळचा सडका चिला टोपल्याटोपल्याने वर फेकत होता आणि मी हिरवा चिला बाहेर ओढून थेट शेताच्या बांधापलीकडे नेऊन टाकत होतो, कारण माझ्या पाठीवर तिचा डोळा होता. दुपारपर्यंत माझ्या तळहातांची साल गेली. मी त्या दिवशी एवढा चिला काढला की त्याचा ढीग पलीकडच्या गावातून दिसत होता आणि तिकडच्या लोकांना वाटलं, रातोरात टेकडी उगवली. ती टेकडी बकऱ्यांनी पुढे बरेच दिवस खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी ढग फाटले. आधी लहान तोंडं खाली गेली, मग मोठी. बगळे उठून दुसऱ्या तलावाकडे निघून गेले. जे मासे मेले होते ते गावाने खाल्ले आणि मेलेल्यांबद्दल फार चांगलं बोलले.

मग सगळे पाळीवर टेकले. फागो बुढ्याने घसा साफ करून सुलकनला विचारलं, की बाई, आता नाव सांग.

"डोमा," ती म्हणाली.

बुधराम म्हणाला, अगं, याच्या बाजूचा चिला कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता, एवढा तरी विचार कर. सुलकन म्हणाली, तोच केला. चैतराम भला आहे, त्याला सांगितलं की तो काम संपवतो आणि नाही सांगितलं की बसून राहतो. या डोमाला निदान डोकं आहे. ते आजवर चुकीकडे चालत होतं, आता माझ्या हुकमाने चालेल. आणि दुसरी गोष्ट, लगन झालं की मी याच्या गावाला जाईन. हा इथं राहणार नाही.

"मंग माझी बोडी?" बुधराम म्हणाला.

तिने काठावरचा विळा उचलून बापाच्या हातात ठेवला. "अर्धा काढजो, अर्धा ठेवजो. आणि काढला तो बाहेर टाकजो."

लगेच निघायचं ठरलं, माझ्या घरी खबर द्यायला. फागो बुढा पंच म्हणून सोबत आला. आम्ही पाळीवरून चाललो होतो, तो पुढे, मग सुलकन, मागे मी, सोललेले हात हवेत धरून. इंजिन अजून चालू होतं. मागून बुधरामचा आवाज आला, मधात बुडवून काढल्यासारखा गोड. तो चैतरामला सांगत होता की बाबू, त्या बोटाचं मी पुन्हा नीट पाहिलं, तसं काही लांब नाही ते. आणि माझ्या धाकट्या भावाची एक पोरगी आहे.

चैतरामने विचारलं, दिसायला कशी आहे. मग पाण्यात कोणीतरी उतरल्याचा मोठा आवाज झाला.

मी वळून बघणार होतो. सुलकनने माझं मनगट धरलं.

"लवकर चाल," ती म्हणाली. "आता बा तुले हाक मारल, आन् तू जाशीन."